तख्ताचा दुसरा धनी

मार्कस ऑरेलियस हा तत्त्वज्ञ राजा, आणि त्याच्या शेजारी तख्तावर बसलेला त्याचा दत्तक भाऊ ल्यूसियस व्हेरस हा विलासी, आळशी व राज्याला केवळ भारभूत, असा निवाडा इतक्या निःशंकपणे दिला जातो की, या खटल्यात साक्ष कोणाची घेतली, हे विचारण्याचेही कोणास सुचत नाही.

मुख्य साक्षीदार आहे ‘हिस्टोरिया ऑगस्टा’, म्हणजे व्हेरसनंतर सुमारे दोनशे वर्षांनी रचलेली एक बखर. साठ लाख सेस्टर्सची मेजवानी आणि शर्यतीच्या लाडक्या घोड्याला चारलेले बेदाणे यांच्या कथा तिच्यातल्याच. आणि जी बखर मार्कसने भावाला विष घातल्याची कंडीही नोंदवून ठेवते, तिच्या शब्दावर माणसाची अब्रू ठरवावी काय? शर्यती आणि नाटके यांचा त्याला नाद होता, हे मी नाकारीत नाही. पण नाद म्हणजे नालायकी नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इ. स. १६२ मध्ये तो पार्थियावरील मोहिमेस निघाला, परंतु अंटिओकला राहिला आणि लढले ते सरदार. खरे आहे, १६३ मध्ये आर्मेनियाची राजधानी आर्ताक्साता स्टेशियस प्रिस्कसने घेतली, आणि १६५ मध्ये सेल्यूशिया व टेसिफॉन अव्हिडियस कॅसियसने. पण मोहिमेपूर्वीच कॅपाडोशियाचा सुभेदार एलेगियाच्या रणात फौजेसह नष्ट झालेला असताना, योग्य माणसांस मुखत्यारी देऊन त्यांच्या यशाच्या आड न येणे हे राजाचे कर्तव्य नव्हे, तर काय? तेवीस वर्षांच्या कारकीर्दीत इटलीबाहेर पाऊल न टाकणाऱ्या, या दोघांचा दत्तक पिता व आधीचा सम्राट असलेल्या अँटोनायनस पायसला कोणी भ्याड म्हणत नाही!

आता मंडनाकडे येतो. त्या तेवीस वर्षांत पायसने मार्कसला युवराजपद दिले आणि ल्यूसियसला मागे ठेवले. तरीही १६१ मध्ये स्वतः मार्कसने सिनेटकडे आग्रह धरून त्याला सहसम्राट केले व आपले ‘व्हेरस’ हे कुलनामही दिले. दोन समान ऑगस्टस, म्हणजे सम्राट, एकाच वेळी राज्य करीत आहेत, हे रोमने प्रथमच पाहिले. अशा व्यवस्थेत धाकट्याने दरबारात स्वतःचा पक्ष उभारणे किती सोपे होते, आणि विजयी पूर्वफौज हाती असताना तर किती मोहाचे! त्याने तसे केले नाही. १६६ मध्ये विजयोत्सवाचा मान त्याने मार्कसबरोबर वाटून घेतला. पुढे २११ मध्ये काराकाल्लाने सहसम्राट असलेल्या सख्ख्या भावाचा, गेटाचा, आईच्या कुशीत खून करविला, तेव्हा या आठ वर्षांच्या निर्वैर सहराज्याचे मोल उघड झाले.

डॅन्यूबवरील छावणीत, ल्यूसियसच्या मृत्यूनंतर, केवळ स्वतःसाठी लिहिलेल्या चिंतनिकेत मार्कसने असा भाऊ लाभल्याबद्दल देवांचे आभार मानले आहेत. तेथे खुशामत करण्यासारखे कोणी उरले नव्हते. १६९ च्या आरंभी अल्टिनमजवळ ल्यूसियस वारला, तेव्हा त्याचा देह मार्कसने रोमला नेला, हेड्रियनच्या समाधिमंदिरात ठेवविला आणि त्याला देवपद देवविले.