‘निरंक’चा अर्थ

सिंहस्थ जवळ येऊ लागला की नाशकात दोन गोष्टींची मोजदाद सुरू होते. एक पैशाची आणि दुसरी माणसांची. २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान व्हावयाचे ठरले आहे, आणि घाट, रस्ते व पूल यांवरील खर्चाचे आकडे आतापासूनच नागरिकांच्या कानांवर आदळत आहेत. या गलबल्यात एका तिसऱ्या मोजणीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती रोगांची मोजणी होय. रुग्णांच्या नोंदी संगणकात साठवून त्यांतून रोगाची चाहूल घ्यावयाची, ज्याला हल्ली डेटा अॅनालिटिक्स किंवा विदाविश्लेषण म्हणतात, त्या शास्त्राचा आरोग्याच्या कारभारात झपाट्याने प्रवेश होत आहे. सिंहस्थ हा त्याच्या कसोटीचाच प्रसंग ठरणार.

या शास्त्राचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. यात्रा आणि महामारी यांचे नाते जुने आहे. १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात पटकीची साथ उद्भवली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती पार पंजाबपर्यंत पोहोचली. त्या वेळी साथीची खबर साथीच्या मागून चालत असे. उलट, २०१५ च्या आपल्या सिंहस्थात हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी येथील आरोग्ययंत्रणेच्या साहाय्याने दवाखान्यांतील रुग्णांची लक्षणे टॅबलेटवर नोंदवून घेतली आणि कोणता आजार कोठे डोके वर काढीत आहे हे त्या त्या दिवशीच पाहण्याचा प्रयोग केला. जे कळावयास पूर्वी महिना लागे ते संध्याकाळी कळू लागले, तर पाण्याची एखादी दूषित टाकी वेळीच बंद करता येते. हा लाभ लहान नव्हे.

तथापि हे यंत्र कितीही बुद्धिमान असले तरी त्याला दृष्टी असते ती नोंदीइतकीच. आपल्या सरकारी कार्यालयांत एक जुना शब्द रूढ आहे, ‘निरंक’. रकान्यात लिहिण्याजोगे काही नसले की तेथे हा शब्द लिहावयाचा व कागद वर पाठवून द्यावयाचा. रोगांच्या साप्ताहिक अहवालात ‘निरंक’ आले तर त्याचे दोन अर्थ संभवतात. त्या आठवड्यात त्या गावी कोणी आजारी पडले नाही, हा एक; आणि त्या आठवड्यात त्या गावी कोणी फिरकलेच नाही, हा दुसरा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या पडद्यावर तर पहिल्याच अर्थाला मान्यता मिळते, आणि नकाशावर ते गाव निरोगी म्हणून हिरव्या रंगाने उजळून निघते.

ही केवळ शंका नव्हे. महाराष्ट्राला हा धडा एकदा मिळालेला आहे. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग व राज्यातील अनेक स्वयंसेवी संस्था यांनी घरोघर जाऊन बालकांचे जन्म व मृत्यू मोजले आणि २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. दगावलेल्या बालकांपैकी बहुसंख्य सरकारी नोंदीत आलेलीच नव्हती असे त्यातून दिसून आले. त्या बालकांसाठी कोणतेही विश्लेषण काही करू शकले नसते. कारण वहीच्या लेखी ती जन्मलीच नव्हती, मग मरणार कोठून? याच बंग दांपत्याने गावातील स्त्रियांना नवजात बालकांची देखभाल शिकविली आणि प्रत्येक जन्माची व मृत्यूची काटेकोर नोंद ठेविली. नवजात मृत्यूंचे प्रमाण त्या गावांत ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ही पद्धत देशभरच्या आशा सेविकांच्या कामात आली. येथे मोजणारा हात व शुश्रूषा करणारा हात एकच होता, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते.

दुसरा धडा आपल्या जिल्ह्यातलाच आहे. २०२० च्या एप्रिलात मालेगावात कोरोनाने मृत्यू पावलेल्यांचा सरकारी आकडा लहान होता. पण कबरस्तानातील दफनांची नोंदवही वेगळेच सांगत होती. आदल्या वर्षीच्या एप्रिलापेक्षा तेथील दफने कितीतरी अधिक झाली होती. त्यांत कोरोनाचे बळी किती आणि दवाखाने बंद राहिल्यामुळे उपचारावाचून गेलेले किती, हा वाद वेगळा. शहरावर काही संकट कोसळले आहे, हे मात्र प्रयोगशाळेच्या आधी कबरस्तानाच्या वहीला कळले. ज्या मोजणीत मृत्यूची व त्याच्या कारणाची सरळ नोंद होत नाही, ती मोजणी आंधळीच राहावयाची.

याहून सूक्ष्म असा धोका अमेरिकेत उघडकीस आला. कोणत्या रुग्णाकडे अधिक लक्ष पुरवावे हे ठरविणारा एक संगणकीय हिशेब तेथील रुग्णालये वापरीत होती. आजार किती गंभीर, हे तो त्या रुग्णावर पूर्वी झालेल्या खर्चावरून ताडीत असे. कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत आलेला. तेव्हा तितक्याच आजारी असलेल्या कृष्णवर्णीयाला तो कमी आजारी ठरवी. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे सिद्ध करण्यात आले. हाच हिशेब सुरगाणा-पेठच्या पाड्यांना लावून पाहावा. जेथून रोगी दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही, जेथील कुटुंबे हंगामात द्राक्षबागांच्या कामासाठी निफाड-दिंडोरीकडे उतरतात, तेथील नोंदी तुटक असणारच. अशा नोंदींवर विसंबून औषधे व डॉक्टर वाटले, तर ज्याला गरज अधिक त्याच्या वाट्याला कमी येईल, आणि तेही शास्त्राच्या नावाने!

तेव्हा खरा प्रश्न यंत्राचा नसून पहिल्या नोंदीचा आहे. ती करते कोण? पाड्यावर चालत जाणारी आशा सेविका आणि उपकेंद्रातील परिचारिका. एकच माहिती आधी वहीत, मग एका अॅपवर, मग दुसऱ्या अॅपवर भरण्यात त्यांचा दिवस जाऊ लागला, तर रोग्याजवळ बसावयाचे केव्हा? २०२३ साली आशा सेविकांनी संप केला तेव्हा मानधनाबरोबर या ऑनलाइन कामाचा भार हीदेखील त्यांची तक्रार होती. शिवाय वाढलेला आकडा कळविणाऱ्याकडून खुलासा मागवावयाचा व ‘निरंक’ पाठविणाऱ्याची पाठ थोपटावयाची, अशी रीत असेल तेथे खरा आकडा वर येईल ही अपेक्षाच फोल आहे.

नोंद देणाऱ्याचाही एक हक्क आहे. क्षयरोग्याचे नाव, स्त्रीच्या गर्भारपणाची माहिती ही सरकारची अथवा कंपन्यांची मालमत्ता नव्हे. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तेथील कारभार कित्येक दिवस हाताने चालवावा लागला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला खरा. परंतु आपले गुपित फुटणार नाही हा विश्वास कायद्याच्या पुस्तकातून नव्हे, तर दवाखान्यातील वागणुकीतून येतो. तो नसेल तर रोगी आजार लपवील, आणि पुन्हा ‘निरंक’!

सबब आमचे मागणे थोडके आहे. सिंहस्थासाठी यंत्रे घ्यावयाची तर जरूर घ्यावी. परंतु त्यांआधी रिक्त जागा भराव्या, एक माहिती एकदाच लिहून घ्यावी आणि तिचा निष्कर्ष ती लिहिणाऱ्या सेविकेपर्यंत परत पोहोचवावा. ज्या गावाकडून ‘निरंक’ येईल तेथे कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन खात्री करावी. नावे गुप्त ठेवून रोगांचे आकडे दर आठवड्यास लोकांपुढे मांडावे, मग ते कितीही अप्रिय असोत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. राज्यभरच्या वैद्यक व परिचर्या महाविद्यालयांचा कारभार पाहणाऱ्या या संस्थेने अशा नोंदींची निःपक्ष तपासणी अंगावर घ्यावी, यापरते उचित कार्य कोणते?

सिंहस्थ उरकेल, राहुट्या उठतील, पाहुणे जातील. सुरगाण्याच्या पाड्यावरील तापाने फणफणलेले मूल मात्र तेथेच राहणार आहे. त्याची नोंद ज्या दिवशी बिनचूक होईल, त्या दिवशी हे नवे शास्त्र नाशकात खऱ्या अर्थाने पोहोचले असे आम्ही म्हणू.