भाड्याचा कायदा आणि सरकारचा वायदा

किकवी, कापूरहोळ, सारोळे व महामार्गालगतच्या इतर गावांतील गाळेधारक आणि गाळेमालक बंधुभगिनींस सविनय निवेदन.

भाडेनियंत्रणाचा कायदा सुधारण्याचे अभिवचन देणे सरकारला जितके सुलभ वाटत आले, तितकेच ते मुदतीत पाळणे दुष्कर ठरत आले, याचा पुरावा खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी आहे. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने घरांची व दुकानांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला जखडून ठेवली होती. टंचाईच्या काळापुरता योजलेला हा इलाज मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळवीत अर्धशतकभर जगला. या कायद्याला आव्हान देणाऱ्या मालपे खटल्यात 19 डिसेंबर 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, प्रमाणभाड्याच्या या तरतुदी कालौघात अन्यायकारक झाल्या आहेत. तथापि कायद्याची मुदत 31 मार्च 1998 रोजी सरणार होती आणि नवा कायदा विचाराधीन असल्याचे सरकारचे म्हणणे होते, म्हणून न्यायालयाने त्या तत्काळ रद्द केल्या नाहीत. जुन्याच स्वरूपात पुन्हा मुदतवाढ दिली तर ती अवैध ठरेल, अशी तंबी मात्र दिली. इतके होऊनही, ज्याचे विधेयक 1993 सालचे होते, तो 1999 चा नवा कायदा अमलात आला 31 मार्च 2000 रोजी!

आणि आला तो तरी काय घेऊन? 1 ऑक्टोबर 1987 चे भाडे, त्यावर पाच टक्के, आणि पुढे दरसाल चार टक्के वाढ. 1987 साली ज्या गाळ्याचे भाडे शंभर रुपये होते, त्याचे भाडे चक्रवाढीने आकारले तरी पंचवीस वर्षांनी तीनशेच्या आतच राहते. मग मालकाने भिंतीला गिलावा का करावा? बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी वा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले, हे उचितच झाले. परंतु पूर्वी जी पागडी घेणे गुन्हा होता, ती त्याच कायद्याने राजरोस केली. दिल्लीची कथा याहून विलक्षण. तेथील 1995 चा भाडे कायदा संसदेने संमत केला, राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी केली, आणि व्यापाऱ्यांचा रोष पाहून सरकारने तो कधी अमलातच आणला नाही. मालकाला न्याय द्यावा तर भाडेकरूची मते जातात, भाडेकरूला द्यावा तर मालकाची. या पेचातून आपले राज्यकर्ते समिती नेमून सुटका करून घेतात.

आपल्या किकवीकडे पाहा. 1999 चा हा कायदा अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे, आणि आपण त्यात मोडतो की नाही हे येथील किती गाळेधारक छातीठोकपणे सांगू शकतील? पंक्चरवाला, चहावाला, खते-बियाणेवाला, सर्वांचा व्यवहार एकाच ठशाचा: मुद्रांकावर टंकलेला अकरा महिन्यांचा करार, त्यावर नोटरीचा शिक्का, अनामत रोख, भाडे रोख, पावती नाही, विजेचा मीटर मालकाच्या नावे. बारावा महिना उजाडला की मालक नवा आकडा सांगतो, आणि पटत नसेल तर शटरला दुसरे कुलूप लागते. मालकांनाही दोष देऊन भागणार नाही. रस्तारुंदीत ज्याची जमीन गेली आणि उरल्या पट्टीवर ज्याने कर्ज काढून चार गाळे बांधले, त्याला गाळा बळकावला जाण्याचे भय असते, आणि दिवाणी दाव्याला किती वर्षे लागतात हे त्याला ठाऊक असते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात या दोघांच्याही भयावर उपाय आहे: लेखी करार, दुकानासाठी सहा महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत नाही, भाडेवाढीस तीन महिन्यांची लेखी सूचना, तंट्यासाठी स्वतंत्र न्यायालय, आणि हे सर्व शहरांत तसेच खेड्यांतही. विषय राज्याच्या अखत्यारीतला असल्याने तो स्वीकारणे राज्याच्या मर्जीवर आहे, आणि ती मर्जी कोणत्या तारखेला होणार एवढेच आम्ही विचारीत आहो.

तरी गाळेमालक व गाळेधारक या उभयतांनी येत्या ग्रामसभेत एकत्र येऊन या मागणीचा ठराव मांडावा, त्याची नक्कल भोरच्या तहसील कचेरीत दाखल करून पोच घ्यावी; आणि कायदा येईल तेव्हा येवो, तोवर कोणीही पावती घेतल्याविना भाडे देऊ नये.