तिसरी किल्ली

भोईवाड्यात रात्री फेरफटका मारावा, तर रस्त्याच्या कडेने मोटारींच्या रांगा दिसतात. त्यांना ना छप्पर, ना पहारेकरी. मालकाची सारी भिस्त खिशातील किल्लीवर. परंतु तिची जोड भलत्याच्याच खिशात असली तर?

आजच्या बहुतेक मोटारींच्या किल्लीत इलेक्ट्रॉनिक खूण असते. ती पटल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. कुलूप असे पक्के झाले, म्हणून चोर माणसाला फसवू लागला. मोटारीतून नोंदणीपुस्तिका लांबवावी, मालक म्हणून मिरवावे आणि राजरोस नवी किल्ली करून घ्यावी! मोटार गेल्यावर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. त्या हजर करणाऱ्या बिचाऱ्या मालकाला तिसरीचा पत्ताच नसतो. जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ नुसार अशा तोतयेगिरीला पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. पण शिक्षा ही चोरीनंतरची गोष्ट. मूळ कागद व ओळख पडताळल्यावाचून आणि मालकाच्या नोंदलेल्या दूरध्वनीवर विचारल्यावाचून विक्रेत्याने किल्ली देऊच नये, असा दंडक शासनाने घालावा.

मालकांनीही नोंदणीपुस्तिका घरी ठेवावी; डिजिलॉकरमधील प्रत २०१८ पासून ग्राह्य आहे. जुनी मोटार घेताच पूर्वीच्या किल्ल्यांची ओळख यंत्रातून पुसून घ्यावी. घराची किल्ली आपण कोणाच्याही हाती देत नाही. मोटारीची तरी का द्यावी?