दुर्बीण घेताय? पट्टी घेऊन जा!

दोस्तांनो, दिवाळीचे, वाढदिवसाचे पैसे साठले, की तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात येतं, ‘आता एक दुर्बीण घ्यावी!’ पण घ्यायची कोणती? दुकानात खेळण्यातल्या दुर्बिणीपासून स्कूटरहून महाग दुर्बिणीपर्यंत सगळं असतं. आणि डब्यांवरचे आकडे तर असे, की मती गुंग व्हावी! ‘३०×६०’, ‘६०×६०’... मोठा आकडा तीच चांगली, असं वाटतं आणि तिथंच फसगत होते. साठवलेले पैसे जातात, सगळं धूसर दिसतं, डोळे दुखतात आणि चार दिवसांत दुर्बीण माळ्यावर जाऊन पडते. वर ‘आकाश बघण्यात काही मजा नाही’ असा समज होतो तो वेगळाच!

म्हणून आज आपण दुर्बीण पारखायला शिकू या. सामान काय लागेल? कंपासपेटीतली पट्टी आणि आपले दोन डोळे. बस्स!

दोन आकड्यांचं गुपित

समजा, दुर्बिणीवर १०×५० लिहिलंय. पहिला आकडा सांगतो, वस्तू किती पट जवळ आल्यासारखी दिसेल. इथं दहा पट. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग जितकं मोठं, तितका जास्त प्रकाश आत येतो. ५० मिलिमीटरचं भिंग २५ मिलिमीटरच्या भिंगापेक्षा दुप्पट नाही, तर चौपट प्रकाश गोळा करतं.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ५० भागिले १० म्हणजे ५. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत ५ मिलिमीटर रुंद आहे, असा याचा अर्थ. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते, भर उन्हात ती दोन-तीन मिलिमीटरच उरते. म्हणून तारे बघायला हा भागाकार ५ ते ७ असलेला बरा. दिवसा पक्षी बघायला ४-५ पुरतो.

मग जास्त पट का नको? कारण दुर्बीण वस्तूबरोबर आपल्या हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढवते! हातात धरून बघायचं तर ७ ते १० पट पुरे. पक्ष्यांसाठी ८×४०, आकाशासाठी ७×५० किंवा १०×५०, आणि लहान हातांसाठी हलकी ८×३०, एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

आता पट्टी काढा

पहिली परीक्षा. डब्यावर ६० लिहिलंय ना? मग पुढच्या भिंगावर पट्टी धरा. भिंग जेमतेम २५ मिलिमीटरचं भरलं, तर तो डबा खोटं बोलतोय. ती दुर्बीण तिथंच ठेवा.

दुसरी परीक्षा. दुर्बीण उजेडाकडे धरून (सूर्याकडे नाही हं!) डोळ्यांपासून वीतभर लांब न्या. डोळ्याकडच्या प्रत्येक भिंगात प्रकाशाची छोटी टिकली दिसेल. तिच्यावर पट्टी धरा. १०×५० ला ती सुमारे ५ मिलिमीटर भरायला हवी. टिकली छान गोल आणि कडेपर्यंत उजळ असेल, तर आतले लोलक चांगले. ती चौकोनी दिसली, कडा करड्या दिसल्या, तर लोलकांची काच हलकी आहे.

तिसरी परीक्षा. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. ते हिरवं, निळं किंवा जांभळट दिसलं, म्हणजे भिंगावर प्रकाश वाया जाऊ न देणारा थर आहे. पांढरंशुभ्र दिसलं, तर थर नाही. आणि भिंग माणकासारखं लालभडक चमकत असेल, तर भुलू नका! ते तांबडा प्रकाश परत पाठवतं, त्यामुळे आतून सगळं हिरवट-निळसर दिसतं.

चौथी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. दुकानाबाहेर येऊन लांबच्या टॉवरकडे किंवा पाण्याच्या टाकीकडे बघा. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. आता दोन्ही डोळे उघडा. एकच गोल, एकच टॉवर दिसतो का? दोन दिसले किंवा डोळे ताणल्यासारखे झाले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण फुकट मिळाली तरी नको, तिने डोकं दुखतं.

आईबाबांसाठी दोन शब्द

स्वस्तात ‘झूम’ दुर्बीण किंवा चाकच नसलेली ‘फोकस-फ्री’ दुर्बीण घेऊ नका. खांदे रुंद असलेली, जुन्या वळणाची दुर्बीण दिसायला साधी असते, पण त्याच पैशांत सडपातळ दुर्बिणीपेक्षा बहुधा चांगलं दाखवते. पोस्टाने किंवा कुरिअरने मागवणार असाल, तर परत घेण्याची अट आधी विचारा आणि आल्याच दिवशी चारही परीक्षा करा. वापरलेली घेत असाल, तर टॉर्च मारून आत बुरशीचं जाळं नाही ना, ते बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. म्हणून घरी दुर्बिणीच्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा.

पैसे कमी पडतायत? मग थोडं थांबा. तोवर आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांना जा. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून काम करतेय. अशा ठिकाणी दुसऱ्यांच्या दुर्बिणी डोळ्याला लावून बघता येतात आणि आपल्याला काय हवंय ते कळतं.

आणि काय दिसेल?

सप्तमी-अष्टमीच्या चंद्रावरची विवरं दिसतील. नुसत्या डोळ्यांना सहा-सात ताऱ्यांचा पुंजका वाटणाऱ्या कृत्तिकांमध्ये कितीतरी जास्त तारे दिसतील. कोपरं भिंतीवर टेकवून हात स्थिर ठेवलात, तर गुरूजवळ त्याचे चंद्रही ठिपक्यांसारखे दिसतील. गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले तेच हे चार चंद्र! शनीची कडी मात्र एवढ्या दुर्बिणीत नीट दिसत नाही, तेव्हा कुणी दुकानदार तसं म्हणाला तर नुसतं हसा.

एक गोष्ट मात्र पक्की. दुर्बिणीतून सूर्याकडे एक क्षणही बघायचं नाही. डोळ्याचा पडदा जळतो आणि जळताना दुखतही नाही, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. धाकट्या भावंडांच्या हाती दुर्बीण देताना आधी हे सांगा, मगच चंद्र दाखवा!