कायद्यातले काका-मामा

आपल्या कायदेपुस्तकात मुलांचे वय फार सावकाश वाढले. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने ७ वर्षांखालील मुलांना कारखान्याबाहेर ठेवले, तेही १०० किंवा अधिक मजूर असलेल्या कारखान्यांपुरतेच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची गाऱ्हाणी वेशीवर टांगली, आणि १८९१ साली ही मर्यादा ९ वर गेली. १९२२ साली १२ वर, १९४८ साली १४ वर. सातापासून चौदापर्यंत पोहोचावयास ६७ वर्षे लागली! २०१६ च्या दुरुस्तीने तर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला लावणे गुन्हा ठरविले.

परंतु पुढच्या दाराला कुलूप घालताना याच दुरुस्तीने मागचे दार उघडे ठेवले. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत मुलाने कुटुंबाला अथवा कुटुंबाच्या धंद्यात मदत केली, तर ती मजुरी नव्हे. काम धोक्याचे नसले म्हणजे झाले. आणि कुटुंबात कोण? आई, बाप, भावंडे तर खरीच. शिवाय काका, आत्या, मामा आणि मावशी! हे कलम लिहिणाऱ्याच्या कुटुंबवत्सलतेचे कौतुक करावे तेवढे थोडेच. कोंदट खोलीतल्या कारखान्यात निरीक्षक शिरला, की मालकाचा मामा व्हावयास कितीसा वेळ लागतो? नियमांत तासांचे बंधन आहे, हे खरे. पण उंबऱ्याआड घड्याळ कोण लावणार?

मग कुंभाराच्या मुलाने चाकाला हात लावू नये काय, असे विचारले जाते. अवश्य लावावा. बापाजवळ बसून कसब शिकणे निराळे आणि दुसऱ्याच्या हिशेबासाठी राबणे निराळे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची उचल नवरा-बायकोच्या नावे असते आणि मजुरी टनावर मिळते. फडात मोळ्या बांधणाऱ्या पोराचे नाव कोणत्याच वहीत नसते. त्याच्या घामाचे वजन मात्र टनात धरलेले असते. अशा पोराला ‘आईबापांना हातभार लावणारा’ म्हणणे ही शुद्ध आत्मवंचना आहे. २०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयाची एक कोटीहून अधिक मुले काम करणारी म्हणून नोंदली गेली. वहीत न आलेल्यांची गणती त्याहून निराळी.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. या कलमातून काका-मामांना निरोप द्यावा. सवलत आईबापांच्या स्वतःच्या घराशेतापुरती ठेवावी. आणि ज्या कामाचे पैसे नगावर वा टनावर मिळतात, ते या सवलतीबाहेर आहे, असे कायद्यातच नि:संदिग्ध लिहावे. ऊसतोडकऱ्यांच्या मुलांची हंगामी वसतिगृहे कोयता गावाबाहेर पडण्यापूर्वी उघडली पाहिजेत. बैलगाड्या निघून गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहाचा उपयोग काय?

दोष एकट्या सरकारच्या पदरात टाकून आपण सुशिक्षितांनी मोकळे होऊ नये. घरकामास मुले ठेवण्यावर २००६ सालापासून बंदी आहे. तरीही शेजारच्या बिऱ्हाडात बारा वर्षांची मुलगी पहाटे भांडी घासताना दिसते, आणि विचारले तर उत्तर मिळते, ‘गावाकडची भाची आहे हो!’ भाची असेल तर ती सकाळी दप्तर घेऊन शाळेत का जात नाही, एवढा एकच प्रश्न शेजाऱ्याने विचारावा. तो विचारण्याचे धैर्य आपल्यात नसेल, तर संसदेला दोष देण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.