शेळीच्या कानातला बिल्ला

१९८९ साली मी कर्जत तालुक्यातल्या एका बँकशाखेत शेती अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. आदिवासी लाभार्थीला निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी कर्ज, या हिशेबाने आम्ही वाड्यावाड्यांवर शेळ्या वाटत होतो. प्रत्येक शेळीच्या कानात विम्याचा बिल्ला ठोकलेला असे. शेळी मेली तर तो बिल्ला आणून द्यायचा आणि सोबत पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडायचा. दाखल्यात मरणाचे कारण लिहिलेले हवे. कारण नसेल तर कागद परत, आणि कर्जदाराला पुन्हा अर्ध्या दिवसाची पायपीट.

अशाच एका वसुलीच्या फेरीत खांडसच्या बाजूच्या एका कातकरीवाडीवर गेलो होतो. शेळ्यांचे कर्ज ज्या बाईच्या नावावर होते ती दारातच बसली होती. वय चाळिशीच्या आतबाहेर. उजवा गाल सुजलेला, तोंड पुरते उघडत नव्हते आणि हातात मशेरीची डबी.

"बाई, दवाखान्यात दाखवलं का?"

"दाखवलं सायेब. दात काढला. मंग जास्तच झालं."

"मग वर ही मशेरी कशाला?"

"हिच्यानंच तर ठणका कमी पडतो."

पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा गेलो तेव्हा ती नव्हती. मधल्या काळात एक शेळीही मेली होती. नवऱ्याने शेळीचा दाखला पुढे केला, त्यावर 'आंत्रविषार' असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. बाईच्या मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून मीच मागवला. कायद्याप्रमाणे त्या दाखल्यावर कारण छापत नाहीत, म्हणून ग्रामसेवकाची नोंदवही पाहिली. तिथे एकच शब्द होता, 'आजारपण'. दोन्ही कागद मी एकाच फायलीत लावले. त्या वेळी त्यात मला काही विशेष वाटले नाही, हेही सांगून टाकतो.

ही फाइल आता आठवायला कारण झाल्या त्या २०२५ सालच्या अमेरिकेतून आलेल्या बातम्या. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, त्या वर्षी शेकडो संशोधन अनुदाने मध्येच तोडली. समाजासमाजांतल्या आरोग्यविषमतेचा अभ्यास करणारी अनुदाने त्यांत मोठ्या संख्येने होती. प्रकरणे न्यायालयांत गेली. मे महिन्यात याच संस्थेने परदेशी सहभागी संस्थांना पोटअनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवल्याचे जाहीर केले. एका देशाने आपल्या तिजोरीचे काय करावे हा त्याचा प्रश्न. पण या तिजोरीशी आपल्या गावांचा संबंध बराच जुना आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

साठच्या दशकात पी.एल. ४८० कराराखाली अमेरिकेचा गहू आपल्याकडे येई. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला त्याची चव आठवत असेल. त्या गव्हाचे पैसे आपण रुपयांत देत असू आणि ते रुपये इथेच साठत. त्यातला काही भाग एनआयएचने भारतातल्या संशोधनाला दिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने या पैशातून खेडोपाडी घरोघर फिरून लोकांची तोंडे तपासली. पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक गावकऱ्यांची अशी पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. तंबाखूच्या कोणत्या सवयीतून तोंडात कोणता डाग उठतो, हे आज आपण सहज बोलतो, त्यामागे ही पायपीट आहे. पुणे जिल्हा म्हणजे आम्हा खालापूरकरांना बोरघाट चढला की लागतो तो.

पुढे १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. थोडेफार शिकलेल्या आरोग्यसेविकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले. त्यांनी पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातले व्हिनेगर, लावून गर्भाशयमुखाची नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. २०१३ साली निष्कर्ष आला तेव्हा त्या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. तुलनेसाठी ठेवलेल्या निम्म्या स्त्रियांची तपासणी केली नव्हती, त्यावर पुष्कळ टीका झाली आणि ती टीका मला रास्त वाटते. मात्र याच स्त्रियांच्या स्तनतपासणीचा निष्कर्ष हाती यायला २०२१ साल उजाडले. वीस वर्षांहून अधिक काळ.

इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. आंब्याच्या कलमांना कर्ज देताना आम्ही पहिली पाच-सहा वर्षे मुद्दलाचा हप्ता मागत नसू. झाडाला फळच नाही तर शेतकरी देणार कुठून? ही गोष्ट साध्या कारकुनालाही कळे. कर्करोगाला मशेरीच्या पहिल्या चिमटीपासून गाठीपर्यंत वीस-तीस वर्षे लागतात, आणि त्याचा शोध घेणारी अनुदाने मात्र दोन, तीन, फार तर पाच वर्षांची. अमेरिकेच्या कर्करोग संस्थेने २००१ साली विषमता कमी करण्यासाठी वेगळे केंद्र काढले आणि पुढे खास 'कर्करोगातील आरोग्यविषमतेचे मूलभूत संशोधन' या नावाने अर्ज मागवले. कल्पना उत्तम होती. त्यातल्या एका प्रकारच्या, चाचपणीच्या अनुदानाची मर्यादा दोन वर्षांत २ लाख ७५ हजार डॉलर. आमच्या वाड्यांच्या हिशेबाने ही रक्कम डोळे फिरवणारी आहे, पण मुदत दोन वर्षे. कलम रुजते न रुजते तोच वसुली अधिकारी दारात.

'मूलभूत संशोधन' म्हटले की वाचक बिचकतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. दोन बायका सारखीच मशेरी लावतात, एकीला तोंडाचा कर्करोग होतो, दुसरी नव्वदीपर्यंत जगते. का? तंबाखूतली नायट्रोसामाईन्स शरीरात गेली की तिथली विकरे त्यांच्यावर काम करतात. काही विकरांमुळे विष निकामी होते, काहींमुळे ते आणखी घातक होते. ही विकरे घडवणारी जनुके माणसागणिक आणि समाजागणिक वेगळी असतात. विष निकामी करणारे एक जनुक तर कित्येकांत मुळातच नसते. त्यात पोटाला कमी, रक्तात लोह कमी, चुलीचा धूर आणि लहान वयात झालेली बाळंतपणे. यातले काय कशावर किती परिणाम करते हे पेशींच्या पातळीवर शोधायचे, ते मूलभूत संशोधन. मशेरीची भुकटी प्रयोगशाळेत नेऊन तिचा कर्करोगकारक गुण जनावरांवर तपासण्याचे काम परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत १९८०च्या दशकातच झाले. म्हणजे त्या बाईच्या हातात डबी होती, त्याच सुमारास तिच्या डबीतला माल परळला कळलेला होता. कर्जतहून परळला थेट लोकल जाते.

याच संस्थेत डॉ. कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर पेशी वाढवण्याची विद्या त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या होत्या. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी, तिला न विचारता, वाढवल्या गेल्या त्या याच प्रयोगशाळेत. त्या पेशी जगभर गेल्या, त्यांच्यावर औषधे तपासली गेली, कंपन्या मोठ्या झाल्या. एका कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली ती २०२३ साली. आमच्या भागाला ही तऱ्हा ओळखीची आहे. खोपोलीतून १९१५ पासून आणि भिवपुरीतून १९२२ पासून मुंबईला वीज जाते. डोंगरावरच्या किती वाड्यांनी किती वर्षे रॉकेलच्या चिमणीवर काढली ते मी पाहिले आहे.

असो. मुख्य मुद्दा आकड्यांचा. २०२० साली राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अहवाल आला. त्यात पुरुषांमधल्या कर्करोगाचे वयानुरूप प्रमाण मिझोरामच्या ऐजॉलमध्ये लाखात २६९.४ आणि आपल्या बीड-उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ३९.५. देशात सर्वांत कमी. हा आकडा वाचून दोन निष्कर्ष काढता येतात. मराठवाड्याच्या माणसात, अन्नात किंवा मातीत असे काही आहे की कर्करोग त्याच्या वाटेला जात नाही. असे असेल तर जगभरच्या शास्त्रज्ञांनी कळंब-परांड्याला तळ ठोकायला हवा. किंवा दुसरा निष्कर्ष, तिथे माणसे निदान न होताच जातात आणि नोंदवहीत 'आजारपण' लिहिले जाते. खरे उत्तर बहुधा या दोहोंच्या मध्ये आहे. पण किती इकडे आणि किती तिकडे, हे ठरल्याशिवाय प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाने जनुक शोधायचे की डॉक्टर? २०२० साली देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय दाखल्याने कारण सांगितलेले मृत्यू होते फक्त २२.५ टक्के. त्या वर्षीच्या कर्करोग अहवालामागच्या लोकसंख्याधारित नोंदण्या देशाच्या सुमारे दहा टक्के लोकांपुरत्या होत्या. आमच्या धंद्यात शिलकेचा ताळा जुळल्याशिवाय कोणी नफातोटा पत्रकाला हात घालत नसे.

म्हणून मला सगळ्यांत मोलाचे वाटते ते बार्शीचे काम. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण येईल आणि आपण लिहू, ही शहरी पद्धत तिथे चालणारी नव्हती. मग नोंदणीचे लोक बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावोगाव जाऊन सरपंचाला, दाईला, शिक्षकाला भेटू लागले. पारावर माणसे जमवून लक्षणे सांगू लागले. कोणाला शंका असेल तर त्याला रुग्णालयात यायला लावू लागले. काही वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा दिसले की गर्भाशयमुखाचा कर्करोग आता पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आहे. कोणते नवे औषध आले नव्हते, महागडे यंत्र आले नव्हते. मोजायला गेलेल्या माणसांनी दार ठोठावले आणि दुखणे लपवून बसलेल्या बायका बोलू लागल्या.

अनुदान समित्यांना असे काम सहसा भावत नाही. त्यात शोधाची चमक नाही, 'पहिल्यांदाच' असे म्हणता येत नाही, आणि ते कधी संपत नाही. नोंदवही तीन वर्षांनी बंद केली तर ती रद्दी होते. दरवर्षी तोच खर्च, तीच माणसे, तेच रस्ते. आस्थापनेचा खर्च म्हटला की आमच्याही वरिष्ठांच्या कपाळावर आठी पडे.

बरे, आपल्याकडे पैसा नाही असेही नाही. २०१३ साली गाल आणि हिरडीच्या मधल्या कर्करोगाच्या जनुकीय बदलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तो आपल्याच शास्त्रज्ञांचा, पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या आणि खारघरच्या, आणि पैसाही आपल्याच जैवतंत्रज्ञान विभागाचा. पाश्चात्त्यांना क्वचित होणारा पण आपल्या तंबाखूखाऊ माणसांना सर्रास होणारा हा रोग आपणच निवडला, कारण दुसऱ्या कोणी तो निवडला नसता. हे एक उदाहरण मला पुरेसे आहे. तरीही संशोधनावर देश सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, आणि २०२३च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या पाच वर्षांच्या ५० हजार कोटींतला मोठा भाग खासगी क्षेत्राकडून येईल असे धरलेले आहे. मशेरी लावणाऱ्या कातकरणीच्या यकृतातल्या विकरांत कोणत्या कंपनीला रस असेल, हे मला सांगता येत नाही. गव्हाच्या बदल्यात का होईना, पूर्वी कोणाला तरी होता.

चौकहून पनवेलमार्गे खारघर तासाभराच्या अंतरावर आहे. परळची ती संशोधन संस्था २००२ साली तिथे नव्या केंद्रात गेली. टेकडीच्या पायथ्याशी देखणे आवार आहे. मला त्या इमारती परक्या वाटत नाहीत. तिथल्या शीतपेट्यांत ठेवायच्या नमुन्यांची वाट कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून जावी, आणि त्याच वाटेने निदान, औषध आणि त्या नमुन्याचे उत्तर परत यावे, एवढेच माझे म्हणणे. त्यासाठी अनुदानाच्या अर्जात एक जादा ओळ हवी, नोंद ठेवणाऱ्या माणसाच्या वीस वर्षांच्या पगाराची. ती ओळ आपल्या राज्य सरकारने लिहिली तरी चालेल. एखाद्या सहकारी बँकेने लिहिली तर मी स्वतः अर्ज भरून देईन.

गेल्या माघात मी त्याच वाडीवर गेलो होतो. निम्म्या घरांना कड्या. दिवाळीनंतर माणसे वीटभट्ट्यांवर जातात ती पाऊस लागायच्या आत परततात. एका अंगणात म्हातारी तव्यावर तंबाखू भाजत होती आणि आशाताई तिच्यासमोर उकिडवी बसून सरकारी तपासणीचा अर्ज भरत होती. तीस वर्षांवरच्या सगळ्यांना विचारायचे प्रश्न त्यावर असतात. तंबाखू खाता का, तोंडात न भरणारी जखम आहे का.

"आजी, आ कर."

म्हातारीने तोंड उघडले. आशाताईने मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिले, दोन्ही गाल बोटाने ओढून पाहिले आणि खूण केली.

"आणि या कुलूपबंद घरांचं काय?" मी विचारले.

तिने वही उलटली. मागच्या पानावर पेन्सिलीने चौदा नावे लिहिलेली होती.

"ह्या भट्टीवरच्या. दोघींचं तोंड उघडत नाही म्हणतात. पाऊस लागायच्या आत येतील, तेव्हा घेते."