घसरलेला भाव आणि श्रमिकाची पुंजी

तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअर्सचे भाव कोसळले की बाजारातून एक ठराविक उपदेश सुरू होतो : काल महाग असलेली वस्तू आज स्वस्त झाली आहे; सामान्य माणसाने ही संधी दवडू नये. २७ जानेवारी २०२५ रोजी एनव्हिडिया या एकाच अमेरिकन कंपनीचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ५९ हजार कोटी डॉलरांनी घटले. त्या कंपनीने काही महिन्यांत ते भरून काढले, हे खरे. परंतु एका उदाहरणावरून नियम बांधणे धोक्याचे असते, हे इतिहास सांगतो.

अमेरिकेच्या नॅसडॅक बाजाराचा निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ पर्यंत उतरला. म्हणजे शंभरातले ७८ गेले. उरलेल्या २२ चे पुन्हा शंभर व्हायला एप्रिल २०१५ उजाडावा लागला. बड्या भांडवलदाराला पंधरा वर्षे थांबणे परवडते. पन्नाशीतल्या कामगाराला मुलीचे लग्न, घराचे हप्ते आणि निवृत्ती पंधरा वर्षे पुढे ढकलता येत नाहीत.

कंपनी चांगली असली म्हणजे तिचा शेअर घेण्याजोगा असतो, हाही एक भ्रमच. सिस्को ही मार्च २००० मध्ये जगातील सर्वांत मूल्यवान कंपनी ठरली होती. पुढे तिचा व्यवसाय कित्येक पटींनी वाढला. तरीही शेअरचा तो भाव परत यायला डिसेंबर २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. उलट ॲमेझॉनचा शेअर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरूनही पुढे विलक्षण वाढला. परंतु बुडणाऱ्या शंभरांतून तरणारी एक कोणती, हे त्या दिवशी कोणाला ठाऊक होते? कंपनी आज खरोखर नफा कमावते काय, तिच्यावर कर्ज किती, आणि त्या नफ्याच्या किती पट किंमत मागितली जात आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे न घेता केवळ 'भाव पडला' म्हणून केलेली खरेदी हा सट्टाच होय.

आणि जो सट्टा खेळलाच नाही, त्याचे काय? आपल्या देशात केतन पारेख याच्या मर्जीतील संगणक, दूरसंचार आणि माध्यम कंपन्यांचे शेअर्स २००१ च्या मार्चमध्ये कोसळले. त्याला नियम धाब्यावर बसवून कर्ज देणारी अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक त्यात बुडाली, आणि तिच्यात ठेवी ठेवणाऱ्या इतर सहकारी बँकाही अडचणीत आल्या. युनिट ट्रस्टच्या 'यूएस-६४' योजनेची खरेदी-विक्री त्याच वर्षी २ जुलैला सहा महिन्यांसाठी स्थगित झाली. या योजनेत सुमारे दोन कोटी लोकांची बचत होती. सरकारी योजना म्हणून विश्वासाने पैसे ठेवणाऱ्या या पेन्शनरांनी आणि विधवांनी शेअर बाजाराची पायरीही चढलेली नव्हती. अखेर त्या खड्ड्यात सरकारी तिजोरी ओतावी लागली. तेजीतला नफा मूठभरांचा आणि मंदीतला तोटा सर्वांचा, हाच त्याचा अर्थ.

म्हणूनच हा प्रश्न व्यक्तीच्या शहाणपणापुरता मर्यादित नाही. ज्याच्यापाशी गरजेपलीकडचे पैसे आहेत, त्याने ते जाणतेपणी कोठे गुंतवावेत हा त्याचा प्रश्न. परंतु कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीतील नव्या रकमेचा काही भाग २०१५ पासून शेअर बाजाराशी निगडित निधींत गुंतवला जाऊ लागला. प्रारंभी पाच टक्के असलेले हे प्रमाण पुढे पंधरा टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. ही मर्यादा आणखी वाढवण्याची मागणी होईल तेव्हा 'परतावा किती?' यापूर्वी 'तोटा कोणाचा?' असा प्रश्न कामगार संघटनांनी विचारला पाहिजे. निधीच्या विश्वस्त मंडळात कामगारांचे प्रतिनिधी बसतात. त्यांनी प्रत्येक गुंतवणुकीचा हिशेब सभासदांपुढे मांडावा, आणि कार्यकर्त्यांनी तो कारखान्याच्या फाटकापाशी समजावून सांगावा. म्हातारपणाची भाकरी पणाला लावण्याचा अधिकार बाजाराला कोणीही दिलेला नाही.